फ्रान्समध्ये संथ दिनक्रमाची घडी बसवताना : तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी तुलूझ, ग्रनोब्ल, लिऑं अथवा पॅरिसला आलेल्या मराठी माणसांच्या पहिल्या काही महिन्यांतल्या तक्रारी बऱ्याच सारख्या असतात. दुपारी अडीचला रेस्तराँमध्ये जावे तर स्वयंपाकघर बंद झालेले असते, रविवारी संध्याकाळी दूध संपले तर दुकान उघडे सापडत नाही, आणि आजूबाजूचे लोक निवांत जेवत असताना आपली धावपळ मात्र संपत नाही. मग निवांतपणा मिळवण्यासाठी शनिवारी कॅफेत तासन्‌तास बसणे, महागडे चीज आणणे, सुट्टीचे मोठे बेत आखणे असे उपाय सुरू होतात आणि सोमवारी ओढाताण पुन्हा तशीच असते. हे सगळे शेवटचे टप्पे आधी करण्यासारखे आहे. फ्रेंच दिवसाला संथपणा येतो तो ठरलेल्या वेळा पाळल्यामुळे, आणि दुकाने, शाळा, कचेऱ्या व शेजारी मिळून त्या वेळा पाळत असल्यामुळे त्यांच्या विरुद्ध एकट्याने जगणे फार थकवणारे असते.

म्हणून खालचा क्रम बदलू नये. एक टप्पा अंगवळणी पडल्यावरच पुढचा हाती घ्यावा. सगळे एकाच सोमवारी सुरू करणाऱ्यांचे सगळेच पहिल्या पंधरवड्यात सुटलेले मी पाहिले आहे.

## पूर्वतयारी : आधी तीन गोष्टी लिहून काढाव्यात

पहिली गोष्ट म्हणजे घराच्या आसपासची वेळापत्रके. जवळच्या बुलांजरीचा, म्हणजे पावाच्या बेकरीचा, साप्ताहिक सुट्टीचा वार, आठवडी बाजाराचे वार आणि त्याची जागा, पोस्ट व नगरपालिका कार्यालय यांच्या दुपारच्या सुट्टीची वेळ, हे सगळे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावे. लहान गावांत बहुतेक दुकाने बारा-साडेबारा ते दोन बंद असतात; शनिवारी उघडी राहणारी अनेक छोटी दुकाने सोमवारी बंद असतात. बाजाराचे वार गावागणिक आणि मोहल्ल्यागणिक बदलतात. पॅरिसमध्ये बास्तीयचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, तर आलिग्रचा बाजार सोमवार सोडून रोज असतो. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर ही यादी मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे नोकरीचा करार. फ्रान्समध्ये कामाचा कायदेशीर आठवडा ३५ तासांचा आहे, परंतु हा नियम सर्वांना सरसकट लागू होत नाही. अभियंते आणि वरिष्ठ कर्मचारी बऱ्याचदा दिवसांच्या हिशेबाने नेमलेले असतात. त्यांच्या करारात तासांऐवजी वर्षाचे कामाचे दिवस, साधारणपणे कमाल २१८, लिहिलेले असतात. आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे माहीत नसेल तर चौथ्या टप्प्यात गोंधळ होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे घरातली व्यवस्था. महिन्याचे सामान एकदाच भरण्याची सवय असलेल्यांनी डाळी, तांदूळ आणि मसाले खुशाल एकदमच आणावेत; पॅरिसमध्ये त्यासाठी गार दु नोर आणि ला शापेलच्या परिसरातली भारतीय दुकाने आहेत. भाजी, फळे, पाव आणि दही यांची खरेदी मात्र त्यातून वेगळी काढावी. कापडी पिशव्या किंवा चाकांची पिशवी घेऊन ठेवावी, कारण दुकानांतल्या एकदा वापरायच्या पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे.

तपासणी : कागद न पाहता बाजाराचे वार आणि बेकरीच्या सुट्टीचा वार सांगता आले, तर तयारी झाली असे समजावे.

## टप्पा १ : दुपारच्या जेवणाची वेळ पक्की करावी

सुरुवात सकाळच्या वेळेपासून करू नये, रात्रीच्या जेवणापासून तर अजिबात नको. दुपारचे जेवण हा फ्रेंच दिवसाचा खुंटा आहे, कारण त्या वेळी सगळे एकत्र थांबतात. बारा ते दोनच्या दरम्यान जेवण होते. प्राथमिक शाळांनाही दुपारची किमान दीड तासाची सुट्टी असते. रेस्तराँची स्वयंपाकघरे बहुधा दोनला बंद होतात, त्यामुळे तेथे एकच्या आत पोहोचावे. पावणेदोनला गेलेल्याला कोणी हाकलत नाही, परंतु जेवण उरकावे लागते, आणि उरकणे टाळण्यासाठीच तर हा खटाटोप आहे.

कामाच्या ठिकाणी डबा खाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामाच्या जागेवर बसून जेवायला फ्रान्सचा कामगार कायदा सर्वसाधारणपणे परवानगी देत नाही; कोरोनाकाळात, २०२१ मध्ये, ही अट तात्पुरती शिथिल करावी लागली होती. मेजावर डबा उघडून एका हाताने टंकलेखन करणाऱ्या नवागताला सहकारी काही बोलले नाहीत, तरी त्याला कष्टाळू समजले जाते असे मुळीच नाही. डबा जेवणाच्या खोलीत न्यावा, इतरांबरोबर बसावे, आणि सहकारी उठेपर्यंत उठू नये. भाषा कच्ची असली तरी बसावे. कानावर पडणाऱ्या फ्रेंचचा मोठा भाग याच तासात मिळतो.

दुपारची वेळ पक्की झाल्यावर बाकीच्या वेळा तिच्याभोवती लावाव्यात. सकाळची न्याहारी हलकी असते : पाव, लोणी, जॅम, कॉफी. रात्रीचे जेवण साडेसात ते साडेआठच्या सुमारास होते. मधल्या वेळेत खाणे, ज्याला गूते म्हणतात, ते मुलांसाठी साडेचारच्या आसपास असते. आपल्याकडे सकाळी भरपेट पोहे, दुपारी घाईने डबा, पाचला चहा-फरसाण आणि रात्री साडेनऊला मुख्य जेवण असा ओघ असतो, त्यामुळे इथे खरा बदल पाचच्या फरसाणात करावा लागतो. चहा घ्यावा. फरसाण बंद केले की साडेसातला भूक आपोआप लागते आणि रात्रीचे जेवण अलीकडे येते.

इशारा : मधुमेह असलेल्यांनी किंवा जेवणाच्या वेळेवर औषधे घेणाऱ्यांनी मधले खाणे स्वतःच्या मनाने बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

नेहमीची चूक : लवकर घरी जाण्यासाठी दुपारचे जेवण वीस मिनिटांत आटोपणे. संध्याकाळी वाचलेला वेळ थकव्यात जातो, आणि सहकाऱ्यांशी ओळख व्हायची ती राहूनच जाते.

## टप्पा २ : बाजार आणि पाव

वेळा बसल्याशिवाय बाजाराची सवय टिकत नाही, म्हणून हा टप्पा दुसरा. आठवड्यातून दोनदा बाजारात जावे. एक फेरी मोठी, दुसरी छोटी. बाजार सकाळीच असतो आणि साधारण एकच्या सुमारास आवरायला लागतो. शेवटच्या अर्ध्या तासात भाव उतरतात हे खरे, परंतु नवख्या माणसाने त्या गर्दीत जाऊ नये, कारण विक्रेत्याला बोलायला फुरसत नसते आणि सुरुवातीला आपल्याला त्याच्या बोलण्याचीच गरज असते.

बाजारातली कृती अशी. आधी एक फेरी हात न लावता मारावी आणि सगळीकडे काय मुबलक आहे ते पाहावे. जे सगळ्यांकडे आहे ते हंगामातले. एप्रिल-मेमध्ये शतावरीचे कोंब आणि स्ट्रॉबेरी, जुलै ते सप्टेंबर टोमॅटो, ऑगस्टअखेर पूर्वेकडची मिराबेल नावाची पिवळी छोटी आलुबुखारे, हिवाळ्यात लीक, कोबी आणि आंदीव्ह ही किंचित कडवट पालेभाजी. मग एका गाळ्यासमोर रांगेत उभे राहावे, पाळी आली की आधी ‘बोंजूर’ म्हणावे आणि त्यानंतरच मागणी सांगावी. हा शब्द गाळणे ही मराठी माणसाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक आहे. आपल्याकडे भाजीवाल्याला ‘मेथी कशी दिली?’ असे थेट विचारण्यात काहीच वावगे नाही. इथे अभिवादनाशिवाय केलेला प्रश्न उद्धट वाटतो आणि उत्तरही तसेच तुटक येते. निघताना ‘मेर्सी, बॉन जुर्ने’ (आभारी आहे, दिवस चांगला जावो) म्हणावे. दुकानात, बसमध्ये चढताना, डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात, सगळीकडे हेच.

फळांना हात लावून, दाबून पाहू नये. स्वतः निवडून घ्यायची मुभा असेल तर टोपली किंवा पिशवी समोर ठेवलेली असते. नसेल तर विक्रेत्याला निवडू द्यावे. खरबूज किंवा मऊ चीज घेताना तो विचारतो, ‘आज खायचे की उद्या?’ हा प्रश्न औपचारिकता म्हणून विचारलेला नसतो. दिवसच नव्हे, तर दुपारी की रात्री हेही सांगावे. तो बोटाने चाचपून त्या वेळेला पिकेल असे फळ काढून देतो. घासाघीस करू नये. कोथिंबीर मोठ्या शहरांत बहुधा मिळते, हिरवी मिरची कमी मिळते, आणि मेथीसाठी भारतीय दुकानच गाठावे लागते.

प्रमाण कमी ठेवणे इथे फार महत्त्वाचे आहे. पुढच्या बाजारवारापर्यंत, म्हणजे तीन-चार दिवसांत, संपेल एवढेच घ्यावे. स्वस्त आहे म्हणून पाच किलो टोमॅटो घेणाऱ्याला रविवारची संध्याकाळ ते टिकवण्यात घालवावी लागते.

पावाची गोष्ट वेगळी : तो रोज आणायचा असतो. बागेत, म्हणजे लांबट काठीसारखा फ्रेंच पाव, साधारण २५० ग्रॅमची असते आणि दुसऱ्या दिवशी कडक होते. ‘त्रादिस्यों’ मागावी, १९९३ च्या शासकीय आदेशानुसार या नावाने विकला जाणारा पाव गोठवलेला नसतो आणि त्यात मिश्रके घातलेली नसतात. एकट्याने राहणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी अर्धी बागेत मागता येते. घरी परतताना रोज त्याच बेकरीत जावे. दहा मिनिटांची ही फेरी वेळ खाते असे सुरुवातीला वाटेल, पण काम संपल्याची खूण म्हणून तिच्याइतकी भरवशाची दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही.

तपासणी : बेकरीतल्या माणसाने न विचारता आपला नेहमीचा पाव उचलला, की हा टप्पा पूर्ण झाला.

## टप्पा ३ : ताट एकदम न वाढता क्रमाने वाढावे

‘फ्रेंच लोकांचे मेजवानीचे जेवण’ युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१० मध्ये आले, आणि तेव्हापासून अनेकांचा समज झाला आहे की रोज रात्री चार पदार्थांचा घाट घालावा लागतो. तो घाट सणासमारंभाचा. रोजच्या जेवणात तीन पायऱ्या पुरेशा असतात : सुरुवातीला काहीतरी कच्चे, मग एक मुख्य पदार्थ, शेवटी दही, चीज किंवा फळ. साध्या फ्रेंच घरात सुरुवातीला लिंबू-तेल घातलेला गाजराचा कीस असतो आणि शेवटी १२५ ग्रॅमचे साध्या दह्याचे छोटे भांडे.

मराठी स्वयंपाकाला यासाठी काही सोडावे लागत नाही. आपण ताटात डावीकडे, उजवीकडे सगळे एकाच वेळी वाढतो. तेच पदार्थ वेळेत पुढेमागे ठेवायचे आहेत :

१. आधी फक्त कोशिंबीर किंवा काकडी-टोमॅटो वाढावे. सर्वजण बसल्यावरच सुरुवात करावी.

२. ते संपल्यावर ताटल्या उचलाव्यात आणि वरण-भात-भाजी किंवा पोळी-भाजी आणावी. मधली पाच मिनिटे रिकामी जाऊ द्यावीत. त्या वेळात भाजी गरम करता येते.

३. शेवटी दही आणि फळ. चीज ठेवायचे असेल तर ते गोडाच्या आधी, पावाबरोबर.

४. कॉफी घ्यायची असल्यास सगळे संपल्यावर, गोडाबरोबर नव्हे.

जेवणाचे एकूण प्रमाण वाढता कामा नये. नेहमीचे जेवण तीन भागांत वाटायचे आहे, त्यात दोन नवे पदार्थ घालायचे नाहीत. इथेच बहुतेकांचे गणित चुकते : भाजी-पोळी-वरण-भात कायम ठेवून वर सूप आणि चीजही येते, आठवड्याभरात स्वयंपाक करणारी व्यक्ती वैतागते, आणि ती व्यक्ती बहुधा घरातली बाईच असते. मेज मांडणे, ताटल्या उचलणे आणि पाव कापणे ही कामे पहिल्या दिवसापासून इतरांकडे द्यावीत. ती वाटणी होत नसेल तर हा टप्पा सुरूच करू नये.

मेजावर पाण्याचा जग असावा, फोन नसावा. पाव ताटलीशेजारी थेट मेजावर ठेवतात आणि हाताने तोडून खातात. वाइन लागतेच असे नाही. अनेक फ्रेंच घरांत आठवड्याच्या दिवशी पाणीच असते. रेस्तराँमध्येही जेवणासोबत नळाचे पाणी आणि पाव यांचे पैसे लागत नाहीत, ते निःसंकोच मागावेत.

इशारा, शाकाहारींसाठी : कोंते, रोकफोर यांसारखी अनेक पारंपरिक चीजे वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरून केलेली असतात. वेष्टनावर ‘प्रेझ्यूर’ (रेनेट) असा शब्द दिसला तर गाळ्यावर विचारून घ्यावे. दह्याचा प्रश्न सोपा आहे : साधे, गोडी न घातलेले दही निवडावे आणि जिलेटिन नाही एवढे पाहावे.

पाहुणे बोलावताना आठ वाजताचे निमंत्रण असेल तर लोक आठ वाजून दहा-पंधरा मिनिटांनी येतात. वेळेआधी कोणी येत नाही आणि आपणही जाऊ नये. आग्रह करून पुन्हा पुन्हा वाढण्याची आपली पद्धत इथे अडचणीची ठरते, कारण पुढे अजून काय येणार आहे हे पाहुणा मनात मोजत असतो. एकदा विचारावे आणि थांबावे.

तपासणी : रात्रीचे जेवण पाऊण तास चालले आणि कोणालाही जड वाटले नाही, तर प्रमाण बरोबर आहे.

## टप्पा ४ : कामाला कड घालावी

हा टप्पा पहिला का नाही, असे विचारले जाते. ठरलेल्या वेळेला जेवण, पाव आणायची फेरी आणि घरी वाट पाहणारे मेज असल्याशिवाय ‘सहाला संगणक बंद करीन’ हा निश्चय टिकत नाही. बंद करून जायचे कोठे, हे ठरलेले नसते.

कायद्याचा आधार पुरेसा आहे. कर्मचाऱ्याला कामाच्या दोन दिवसांच्या मध्ये सलग ११ तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, आणि हे दिवसांच्या हिशेबावर नेमलेल्यांनाही लागू आहे. कामाच्या वेळेबाहेर संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून लागू असून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना त्याबाबत कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्या कंपनीत काय ठरले आहे, ते मनुष्यबळ विभागाकडे मागून वाचावे.

मराठी माणसाची खरी अडचण बहुधा फ्रेंच साहेबापेक्षा घड्याळातल्या अंतराची असते. भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. पुण्यातल्या चमूबरोबर काम असेल तर त्यांच्या बैठका फ्रान्सच्या सकाळी नऊ ते बारामध्ये बसवाव्यात. दुपारी जेवणाच्या वेळेत त्यांचे ‘जरा पाच मिनिटे’ सुरू झाले की पहिला टप्पा कोसळतो. घरच्या फोनचेही तसेच. रात्री आठला आईला फोन करणे म्हणजे तिला उन्हाळ्यात साडेअकरापर्यंत आणि हिवाळ्यात साडेबारापर्यंत जागवणे, आणि स्वतःचे जेवणही फोनवर उरकणे. शनिवारी-रविवारी सकाळी दहाचा मोठा फोन आणि आठवड्यात घरी जाताना एखादा छोटा, अशी वेळ घरच्यांशी बोलून ठरवावी. ‘तू आता फोन करत नाहीस’ अशी तक्रार काही दिवस येईल. वेळ न चुकता पाळली तर ती थांबते.

नेहमीची चूक : कड घालताना सहकाऱ्यांना मोठे पत्र लिहून जाहीर करणे. तसे करू नये. ठरल्या वेळी ‘बॉन स्वारे, आ दमँ’ (शुभ संध्याकाळ, उद्या भेटू) म्हणून उठावे.

## टप्पा ५ : रविवार

अन्नाची दुकाने रविवारी सर्वसाधारणपणे दुपारी एकपर्यंतच उघडी ठेवता येतात. मोठ्या शहरांत काही ठिकाणे अपवाद आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. दूध, औषधे, सोमवारच्या डब्याची तयारी शनिवारीच करावी. रविवारी एकच मुक्काम ठेवावा : दुपारचे लांब जेवण, आणि त्यानंतर पायी फेरफटका. कपडे धुण्याचे यंत्र, भिंतीला ड्रिल, गवत कापणे ही कामे या दिवशी काढू नयेत. आवाजाच्या कामांबाबत अनेक गावांत स्थानिक आदेश असतात आणि शेजारी ते चांगले जाणतात.

## टप्पा ६ : वर्षाची आखणी

कर्मचाऱ्याला महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला पाच आठवडे, पगारी रजा मिळते. १९३६ मध्ये ती दोन आठवडे होती आणि पाचवा आठवडा १९८२ मध्ये मिळाला. रजा मोजताना सोमवार ते शनिवार धरतात, म्हणून कागदावर ३० दिवस दिसतात; हे न कळल्याने आपल्याकडे सहा आठवडे आहेत असे समजून तिकिटे काढणारे दरवर्षी भेटतात.

सगळी रजा डिसेंबरच्या भारतभेटीसाठी साठवणे ही दुसरी मोठी चूक. १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात किमान १२ दिवसांची सलग रजा घ्यावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि एका वेळी साधारणपणे २४ दिवसांपेक्षा जास्त घेता येत नाही. घर फार दूरच्या देशात असल्यास या कमाल मर्यादेतून वैयक्तिक सवलत मागता येते. ती लेखी आणि काही महिने आधी मागावी. वर्षाची विभागणी अशी करून पाहावी : उन्हाळ्यात दोन सलग आठवडे फ्रान्समध्येच, भारतासाठी दोन ते अडीच आठवडे, आणि उरलेले दिवस मे महिन्यातल्या सुट्ट्यांना जोडून. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, किंवा मंगळवारी अथवा गुरुवारी आलेला १ मे वा ८ मे, आणि शनिवार-रविवार यांच्या मधला एक दिवस रजा टाकली की चार दिवस मिळतात, पण ते दिवस सहकारी जानेवारीतच मागून ठेवतात.

ऑगस्टची तयारी जूनमध्ये करावी. नेहमीची बेकरी, दंतवैद्य, घरमालकाची कचेरी, सगळे दोन-तीन आठवडे बंद असू शकते. दारावर तारखांची चिठ्ठी लागते, तिचा फोटो काढून ठेवावा. निवास परवान्याची कागदपत्रे, नवे घर शोधणे, मुलांच्या शाळेची नोंदणी यांपैकी काहीही ऑगस्टवर ढकलू नये.

## घडी विस्कटल्यास

भारतातून परतल्यावर, आजारपणानंतर किंवा कामाचा मोठा हप्ता संपल्यावर हे सगळे सैल पडते. त्या वेळी सहाही टप्पे एकदम ओढून आणू नयेत. पहिला आठवडा फक्त दुपारचे जेवण ठरल्या वेळी आणि बसून घ्यावे; रात्री खिचडी चालेल, बाजार चुकला तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात बेकरीची फेरी सुरू करावी, तिसऱ्यात छोटा बाजार. रात्रीचे क्रमाने वाढलेले जेवण त्यानंतर आठवड्यातून दोनच दिवस ठेवून पाहावे, आणि ते दोन दिवस घरातल्या सर्वांना रिकामे असतील असेच निवडावेत. लहान मुले असलेल्या घरात हे दिवस बहुधा मंगळवार आणि शुक्रवार निघतात, कारण बुधवारी अनेक गावांत प्राथमिक शाळा नसते आणि मंगळवारी रात्री कोणालाही दुसऱ्या दिवशीच्या दप्तराची घाई नसते.